वर्गांतील बुद्धिमान मूल व त्याचा शिक्षक

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत मागें वळून पाहण्याची रीत आहे. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणत्या सालीं आली, कोणाकोणाच्या श्रमांनीं आपली शाळा उभी राहिली, हें सारें इतर वक्ते सांगणारच आहेत. आज आम्हांस एका लहानशा, परंतु मनाला फार दिवस टोंचत असलेल्या विषयावर बोलावयाचें आहे. प्राथमिक शाळेंतील जें मूल इतरांहून पुढें धांवतें, त्याला ओळखण्याचें व वाढविण्याचें शिक्षण आपल्या शिक्षकांना कोण देतो, हा तो विषय होय.

जें मूल मागें पडतें त्याची काळजी घ्यावी, हें आपणां सर्वांस पटलेलें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु जें पुढें आहे त्याला काय कमी, तें आपली वाट आपण काढील, अशी एक समजूत आपल्या मनांत घर करून बसली आहे. ती समजूत खोटी आहे. पुस्तकांतून कळण्यापूर्वीं ही गोष्ट आम्ही एका मुलाकडून शिकलों, आणि तेंही फार उशिरां. ती हकीकत प्रथम सांगतों. कारण तींतील दोष आमचा आहे, व दुसऱ्याच्या दोषावर भाषण करण्यापेक्षां आपल्या दोषापासून आरंभ करणें बरें.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, नुकतीच दीक्षा झालेली असतांना, आम्ही वसईच्या पट्ट्यांतील एका शाळेंत चौथीच्या वर्गाला गणित शिकवीत होतों. एके दिवशीं मुलांना बाराचा पाढा दहा वेळां वहींत लिहावयास सांगितला. सारीं मुलें माना खालीं घालून लिहीत होतीं. मागच्या रांगेंतील एक मुलगा मात्र जमिनीवर चिंचोके मांडीत बसला होता. वही कोरी. जवळ जाऊन पाहिलें तों त्यानें चिंचोक्यांचे चौकोन मांडले होते: एकाचा, चारांचा, नवांचा, सोळांचा. आम्हीं विचारलें, "हें काय चाललें आहे?" तो आपल्या घरच्या बोलींत अडखळत म्हणाला, "फादर, पहिल्यांत तीन घातले कीं दुसरा होतो, मग पांच, मग सात. पुढें नऊच लागणार."

आज आम्हांला कळतें कीं, त्या मुलानें वर्गसंख्यांचा एक नियम कोणीं न सांगतां शोधून काढला होता. त्या दिवशीं आम्हांला दिसली ती केवळ कोरी वही. आम्हीं चिंचोके जप्त केले आणि पाढा वीस वेळां लिहावयास लावला. पुढें तो वर्गांत कांहीं विचारीनासा झाला. सातवीनंतर घरच्या वाडीच्या कामासाठीं त्यानें शाळा सोडली, आणि आमचीही बदली झाली.

गेल्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या आवारांतील विहिरीवरचा पंप बिघडला. दुरुस्तीला जो गृहस्थ आला तो तोच. काम आटोपल्यावर हात पुशीत तो हंसून म्हणाला, "फादर, माझे चिंचोके अजून तुमच्याकडेच आहेत." मग जरा थांबून म्हणाला, "माझी मुलगी आतां तुमच्याच शाळेंत तिसरीला आहे. फार प्रश्न विचारते. रागावूं नका तिच्यावर."

बंधुभगिनींनो, पंप दुरुस्त करणें हें प्रामाणिक व बुद्धीचें काम आहे, आणि तो तें उत्तम करतो. आम्हांला खेद वाटतो तो त्याच्या धंद्याचा नव्हे. नऊ वर्षांच्या त्या बालकाला ज्ञानाचा आनंद प्रथम झाला, तेव्हां त्याच्या समोर उभा असलेला माणूस तो आनंद ओळखूं शकला नाहीं, याचा खेद वाटतो. आम्ही दुष्ट नव्हतों. आम्हांला कोणीं पाहावयास शिकविलें नव्हतें. धर्मविद्यालयांत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविलें, लॅटिन शिकविलें, उपदेश कसा करावा तें शिकविलें. मुलाचा प्रश्न कसा ऐकावा, हें मात्र शिकविलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, अनुभवी शिक्षकाला हुषार मूल काय ओळखतां येत नाहीं? नम्रपणें सांगतों, पुष्कळ वेळां येत नाहीं. १९५९ सालीं पेग्नॅटो व बर्च या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं पिट्सबर्ग शहरांतील मोठ्या मुलांच्या एका शाळेची पाहणी प्रसिद्ध केली. बुद्धिमापनाच्या कसोटीनें त्या शाळेंतील ९१ मुलें असामान्य ठरलीं. शिक्षकांनीं आपल्या समजुतीप्रमाणें १५४ नांवें दिलीं होतीं. त्यांत या ९१ पैकीं केवळ ४१ होतीं. म्हणजे ५० मुलें शिक्षकांच्या नजरेंतून निसटलीं, आणि ११३ नांवें भलतीच निघालीं. ते शिक्षक आळशी होते असें नव्हे. ज्याचें अक्षर सुंदर, गृहपाठ वेळेवर, वागणूक नम्र, तें मूल आपल्याला बुद्धिमान वाटतें. हे सद्गुण खरेच. परंतु सद्गुण ही एक गोष्ट आणि प्रज्ञा ही दुसरी. कित्येकदां दोन्ही एकत्र नांदतात, कित्येकदां नांदत नाहींत.

मग केवळ परीक्षेवर भिस्त ठेवावी काय? तेंही पुरेसें नाहीं. लुईस टर्मन यांनीं १९२१ सालीं कॅलिफोर्नियांत सुमारें दीड हजार बुद्धिमान मुलें निवडून त्यांच्या आयुष्यक्रमाचा अभ्यास आरंभिला. त्या निवडीच्या कसोटींत विल्यम शॉकली व लुईस अल्वारेझ हे दोन मुलगे उतरले नाहींत. पुढें पहिल्याला १९५६ सालीं आणि दुसऱ्याला १९६८ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें! तात्पर्य, कागदाची कसोटी व माणसाची नजर या दोहोंची एकमेकींस जोड हवी. आणि नजर ही शिकविल्यानें सुधारते. १९७८ सालीं गिअर या संशोधिकेनें दाखवून दिलें कीं, ज्या शिक्षकांना या कामाचें थोड्या बैठकींचें शिक्षण मिळालें, त्यांना न शिकलेल्या शिक्षकांपेक्षां जवळजवळ दुपटीनें बुद्धिमान मुलें हुडकतां आलीं.

नजर चुकते तेव्हां ती कोणावरून घसरते, हेंही पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत ब्रोवर्ड नांवाचा एक मोठा शालेय जिल्हा आहे. तेथें विशेष शिक्षणासाठीं मुलांचीं नांवें पूर्वीं शिक्षक व पालक सुचवीत. २००५ पासून दुसरीच्या सर्वच मुलांची चांचणी घेण्यास प्रारंभ झाला. पात्रतेची पातळी तसूभरही खालीं आणली नव्हती. तरी गरिबांचीं, कृष्णवर्णीयांचीं आणि घरीं परकी भाषा बोलणाऱ्यांचीं कितीतरी अधिक मुलें पात्र ठरलीं. कार्ड व जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. मुलें तींच होतीं. पूर्वीं त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतें, इतकेंच. पुढें पैशाच्या टंचाईमुळें तो उपक्रम आंखडला, तेव्हां तीं मुलें पुन्हां मागें पडलीं.

हें दूरदेशचें उदाहरण आम्हीं मुद्दाम दिलें; कारण तें वाचतांना आम्हांला आपलींच मुलें आठवलीं. आपल्या कित्येक मुलांची घरची बोली सामवेदी, कोणाची वाडवळी, कोणाची कोळी. शाळेचें मराठी त्यांना नवें. विचार घोड्यावर बसून येतो आणि शब्द पायीं चालत मागून येतात. तेवढ्यांत शिक्षक दुसऱ्या मुलाकडे वळलेला असतो. जें मूल गप्प राहतें तें मंद, असा शेरा आपण सहज मारतों. तेराव्या शतकांत कोलोन शहरीं संत थॉमस अक्वायनस विद्यार्थी होते, तेव्हां त्यांच्या मौनावरून सोबती त्यांना 'मुका बैल' म्हणत, अशी परंपरागत कथा आहे. त्यांचे गुरु आल्बर्ट यांनीं त्या मौनामागची प्रज्ञा ओळखली. प्रत्येक गप्प मूल अक्वायनस नसतें, हें आम्ही जाणतों. परंतु तें काय आहे हें पाहिल्याविना कसें ठरवावें?

आपल्या देशांत या बाबतींत कांहींच झालें नाहीं, असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. पुण्यांत डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनीं १९६२ सालीं ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, आणि १९६९ सालीं बुद्धिमान मुलांसाठीं तिची प्रशाला सुरू झाली. बुद्धीचे निरनिराळे पैलू कसे पारखावे, याचा अभ्यास त्या संस्थेनें मराठींतून चालविला, ही मराठी माणसाला अभिमानाची गोष्ट आहे. सरकारच्या नवोदय विद्यालयांनीं खेड्यांतील मुलांना दार उघडलें. त्यांपैकीं पहिल्या दोहोंत आपल्या अमरावतीचें होतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत तर स्पष्ट म्हटलें आहे कीं, विशेष गुणांच्या मुलांना ओळखण्याची व वाढविण्याची पद्धति शिक्षकांच्या शिक्षणांत आली पाहिजे.

परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नवोदयचें दार सहावीला उघडतें. प्रशालाही प्राथमिक शिक्षणाचा पाया घातल्यावरची. मूल शाळेंत येतें तें सहाव्या वर्षीं. मधल्या चार-पांच वर्षांत तें कोणाच्या हातीं असतें? पहिली ते चौथीच्या गुरुजींच्या व बाईंच्या! तेवढ्या काळांत जिज्ञासा एकदां विझली, तर पुढील साऱ्या परीक्षांचीं दारें उघडीं असून काय उपयोग? याकरितां प्राथमिक शिक्षकाचें शिक्षण हें या कामाचें मूळ आहे, असें आमचें मत आहे.

मग या शिक्षणांत काय असावें? आम्ही तज्ज्ञ नव्हे. परंतु वाचून, विचारून व आपल्याच शिक्षकांबरोबर बसून जें आम्हांला उमगलें तें मांडतों.

पहिली गोष्ट, पाहणें. शिक्षकानें एक लहान वही ठेवावी. तींत गुण लिहूं नयेत. मुलांचे प्रश्न लिहावे. कोणी काय विचारलें, कोणी अनपेक्षित उत्तर दिलें, कोणी खेळांत नवा नियम काढला, कोणी गोष्ट सांगतांना शेवट बदलला. महिनाभरानें ती वही वाचली असतां कांहीं नांवें पुन्हां पुन्हां येतात, आणि तीं नेहमीं पहिल्या तीन क्रमांकांचीं नसतात. जोसेफ रेन्झुली यांनीं १९७८ सालीं मांडलें कीं, सामान्याहून अधिक बुद्धि, नवें घडविण्याची शक्ति आणि हातीं घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ति या तिहींचा संगम पाहावा. गुणपत्रिकेंत यांपैकीं पहिलीचा थोडासा भाग दिसतो. उरलेल्या दोन डोळ्यांनींच पाहाव्या लागतात.

दुसरी गोष्ट, अधिक काम व सखोल काम यांतील भेद. ज्या मुलानें दहा उदाहरणें चटकन् सोडविलीं, त्याला आणखी वीस तसलींच देणें ही शिक्षा होय, बक्षीस नव्हे. चतुर मूल लौकरच शिकतें कीं, हळू काम करण्यांत शहाणपण आहे. त्यापेक्षां असें करावें: धड्यांतील सर्वांत कठीण पांच उदाहरणें त्याला प्रथम द्यावीं. तीं बरोबर आलीं तर उरलेलीं माफ. आणि वांचलेल्या वेळांत त्याला एक खरा प्रश्न द्यावा. बाराचा पाढा येतो ना? मग बाराच्या पाढ्यांतील शेवटचे अंक पाहा; ते किती पायऱ्यांनीं पुन्हां फिरून येतात, आणि कां? याला पैसा लागत नाहीं, पुस्तक लागत नाहीं; लागतो तो शिक्षकानें आदल्या रात्रीं केलेला विचार.

तिसरी गोष्ट, स्वभावाची ओळख. बुद्धि आठव्या वर्षीं बाराची असेल, पण हाताचीं बोटें आठचींच असतात आणि रडूंही आठचेंच येतें. म्हणून अक्षर वेडेंवांकडें, मन हळवें, चुकीची धास्ती मोठी. असें मूल कधीं उर्मट भासतें, कधीं एकलकोंडें होतें. त्याला सारखें इतरांना शिकवावयास बसवून आपल्या हाताखालचा बिनपगारी मदतनीस करणें, ही सोय शिक्षकाची. मुलाचें शिक्षण नव्हे.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. "मला हें ठाऊक नाहीं, चल, दोघे मिळून शोधूं," असें वर्गासमोर म्हणण्याचें धैर्य. आम्हीं त्या मुलाचे चिंचोके कां जप्त केले? खरें सांगावयाचें तर त्याचें म्हणणें आम्हांला लगेच कळलें नाहीं, आणि न कळल्याची लाज रागाच्या रूपानें बाहेर पडली. ही लाज जिंकणें हें शिक्षकाच्या शिक्षणाचें अर्धें काम आहे.

येथें जर्मनींतील एका प्राथमिक शाळेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १७७७ सालीं ब्रुन्स्विक शहरांतील एका गरीब घरांत कार्ल गाउस जन्मला. पुढें जगांतील श्रेष्ठ गणितज्ञांत त्याची गणना झाली. त्याच्या शाळेंत ब्यूटनर नांवाचे कडक शिस्तीचे मास्तर होते. सांगतात कीं, या मुलाचा आंवाका पाहून त्यांनीं पदरच्या पैशानें हँबुर्गहून अधिक वरचें गणिताचें पुस्तक मागविलें, आणि आपला तरुण मदतनीस बार्टेल्स याला मुलाबरोबर बसविलें. बार्टेल्स गाउसहून आठच वर्षांनीं वडील. तो शिकवीत नव्हता, बरोबर शिकत होता. हाच बार्टेल्स पुढें रशियांतील कझान येथें प्राध्यापक झाला, आणि तेथें त्याच्या हाताखालीं शिकलेला लोबाचेव्हस्की नव्या भूमितीचा एक जनक ठरला. एक पुस्तक आणि एक सोबती! ब्यूटनर मास्तरांनीं याहून अधिक कांहीं केलें नाहीं. आणि याहून अधिक करण्याची गरजही नव्हती.

आतां एका आक्षेपाचा विचार करूं. वर्गांत तीस-चाळीस मुलें. त्यांत मंद गतीचीं, आजारी, अर्धपोटीं आलेलीं. अशा वेळीं हुषारांचे लाड करणें अन्याय नव्हे काय? हा आक्षेप दयेंतून आलेला आहे, म्हणून आम्ही त्याचा आदर करतों. परंतु आम्ही लाड मागत नाहीं. निराळी रांग, निराळा बिल्ला, 'हा बुद्धिमान' असा शिक्का, यांतील कांहींच नको. त्यानें त्या मुलाचा अहंकार वाढतो आणि इतरांची उमेद खचते. पालकांनाही आमची हात जोडून विनंति आहे कीं, मुलाचा हुशारपणा चारचौघांत मिरवूं नका. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, प्रत्येक मुलाला रोज थोडेंतरी असें काम मिळावें, ज्यासाठीं त्याला धडपडावें लागेल. मागें पडलेल्याला तें मिळतें. पुढें असलेल्यालाच मिळत नाहीं. शिवाय, खुला प्रश्न विचारावयास शिकलेल्या शिक्षकाचा लाभ साऱ्या वर्गाला होतो. चिंचोके सर्वांसमोर मांडले असते, तर त्या दिवशीं चाळीस मुलें गणित शिकलीं असतीं.

गुण किंवा बुद्धि या अर्थानें 'टॅलेंट' हा शब्द आज सर्वांच्या तोंडीं आहे. तो मूळचा चांदीच्या एका वजनाचा शब्द. प्रभूनें सांगितलेल्या दाखल्यावरून त्याला हा अर्थ आला. त्या दाखल्यांतील तिसऱ्या चाकरानें धन चोरलें नाहीं, उधळलें नाहीं. भीतीपोटीं तें पुरून ठेवलें, एवढाच त्याचा अपराध. तो दाखला आपण विद्यार्थ्यांना ऐकवितों. तो प्रथम शिक्षकांनीं, शाळाचालकांनीं आणि आमच्यासारख्या धर्मगुरूंनीं ऐकावा, असें आम्हांला अलीकडे वाटूं लागलें आहे. कारण मुलांचें धन मुलें पुरीत नाहींत, तें आपल्या हातून पुरलें जातें.

म्हणून महोत्सवाच्या या वर्षीं आम्ही आपणांपुढें तीन साध्या गोष्टी ठेवतों. पहिली, दर महिन्याच्या एका शनिवारीं आपल्या शाळेंतील शिक्षकांनीं आपापली प्रश्नांची वही घेऊन दीड तास एकत्र बसावें; त्या बैठकीस आम्हीही विद्यार्थी म्हणून येऊं. दुसरी, दरवर्षीं निदान दोन शिक्षकांना या विषयाच्या शिक्षणवर्गास पाठवावें, व त्यांच्या गैरहजेरींत वर्ग सांभाळणाऱ्यांचा खर्च धर्मग्रामानें सोसावा. तिसरी, रोषणाई व कमानीसाठीं जो निधि जमला आहे त्यांतून कमान थोडी बुटकी करावी, आणि उरल्या पैशांत वर्गावर्गांतून पुस्तकांचें एकेक कपाट ठेवावें. त्या कपाटाला कुलूप नसावें. पुस्तकें हरवतील, हरवूं द्या. कुलपांत सुरक्षित राहिलेलें पुस्तक हेंही पुरलेलें धनच!

शेवटीं, ज्या मुलीविषयीं आम्हीं आरंभीं बोललों ती आज आपल्या शाळेंत आहे. तिचें नांव आम्ही सांगणार नाहीं; कारण सांगितलें तर सर्वजण तिच्याकडेच पाहतील, आणि आमची इच्छा अशी कीं, शिक्षकांनीं प्रत्येक मुलाकडे त्या नजरेनें पाहावें. गेल्या आठवड्यांत आम्ही तिसरीच्या वर्गांत गेलों होतों. बाई वजाबाकी शिकवीत होत्या. ती मुलगी उठून म्हणाली, "बाई, लहानांतून मोठें वजा केलें तर काय उरतें?" बाई क्षणभर थांबल्या. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, मग मुलीकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "बस माझ्याजवळ. तुला काय वाटतें तें आधीं सांग."

आम्ही मुकाट्यानें बाहेर आलों. त्या दिवशीं संध्याकाळीं चिंचोक्यांनीं भरलेली एक पिशवी आम्हीं त्या वर्गाच्या खिडकींत ठेवून दिली. कर्ज फार जुनें आहे. फेडीस आतां आरंभ झाला आहे. तें फेडण्याची बुद्धि व बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो.